एरंडेल प्यालेला कॅमेरा

अमरावतीच्या फुलबाजारात नत्थुजी अकर्ते यांच्याशी विनाकारण कुणी बोलत नसे, आणि कारण असले तरी लोक ते आधी त्यांच्या बायकोला सांगून पाहत. बायको माणिकबाई काही गोड बोलणाऱ्या नव्हत्या. पण त्यांच्या शिव्या गिऱ्हाइकाची पाठ वळल्यावर पडत आणि नत्थुजींच्या थेट तोंडावर. बाजाराला एवढा फरक पुरेसा होता. नत्थुजींचे आजोबा शेंदूरजनाघाटाहून भावाशी वाटणीवरून भांडून इकडे आले होते. संत्र्याची झाडे भावाकडे राहिली आणि भांडण तेवढे सोबत आले, असे घरातलीच माणसे म्हणत. बडनेऱ्याच्या वाटेवर काळ्या जमिनीचा एक तुकडा, एक विहीर, तिच्यावर एक मोट. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यानंतर झेंडू आणि शेवंती, मधल्या वाफ्यांत मेथी-वांगी. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात अशा तुकड्यावर एक कुटुंब पोट भरून राग बाळगू शकत असे.

अशा माणसाला फोटोचा नाद लागावा, याचे बाजाराला नवल वाटे. तो लागला बडनेऱ्याच्या रेल्वे चाळीत. तिथे एक गोवेकर गार्ड राहत असे. त्याला दर शनिवारी प्रार्थनेसाठी फुले लागत, आणि नत्थुजी ती पोहोचवीत. एका शनिवारी गार्डाने त्यांना अंधाऱ्या न्हाणीघरात उभे केले. लाल कंदिलाच्या उजेडात, बशीतल्या पाण्याखाली, कोऱ्या काचेवर हळूहळू एक इंजिन उमटत गेले. नत्थुजींनी वाहवा केली नाही. हे असे काहून होते, एवढेच विचारले. उत्तर पटले नाही म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा विचारले. असे करता करता ते काच धुवायला शिकले, उन्हात कागदावर ठसा घ्यायला शिकले, आणि गार्डाचा कॅमेरा मागून घेऊन विहिरीचे, बैलांचे, मोगऱ्याच्या वाफ्यांचे फोटोही काढू लागले. मग गार्डाची बदली झाली. तो गेला आणि त्याच्याबरोबर कॅमेराही गेला. नत्थुजींना त्याचा राग आला. त्या रागाला दुसरे काही नाव असू शकते, हे त्यांनी कधी मान्य केले नाही.

कॅमेरा असलेली माणसे अमरावतीत त्या वेळी थोडी होती आणि ती एकमेकांना ओळखून होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचे एक छायाचित्रप्रेमी मंडळ भरे. त्याचे चिटणीस रामराव वकील. दिवाळीनंतर मंडळ आपल्या सभासदांची छायाचित्रे भिंतीवर लावी आणि गावातले प्रतिष्ठित लोक ती पाहायला येत. होळीच्या सुमारास नत्थुजी आपले जुने ठसे फडक्यात बांधून त्या खोलीत गेले. रामरावांनी फडके सोडायला सांगितलेच नाही. दारातूनच ते म्हणाले, "नत्थू, फुलं काढणं वेगळं आणि फोटो काढणं वेगळं. आमच्या सभासदाजवळ स्वतःचा कॅमेरा असावा लागतो. उसनवारीचं काम इथं चालत नाही." खोलीत एक ड्रॉइंग मास्तर बसले होते. त्यांच्या हातातला कॅमेरा शाळेच्या हेडमास्तरांचा होता, हे गावाला ठाऊक होते. मास्तरांनी मान खाली घातली आणि कॅमेरा पुसायला घेतला.

मंडळात बसायची नत्थुजींना हौस नव्हती. त्या खुर्च्यांवर आपण अवघडून बसू, हे त्यांना कळत होते. पण बसू देत नाहीत, हे सलत राहिले. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती: दिवाळीनंतर त्या भिंतीवर आपल्या कॅमेऱ्यातून निघालेले एक चित्र, त्याखाली आपले नाव, आणि ते रामरावांनी स्वतःच्या हाताने लावलेले.

माणिकबाईंनी ही गोष्ट ऐकली आणि झेंडूची माळ ओवता ओवताच निकाल दिला. घरात शिल्लक होती ती नव्या मोटेसाठी. जुनीचे चामडे दोन ठिकाणी शिवलेले होते. नवरा ऐकणार नाही हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी अट घातली.

"एक डाव घ्या," त्या म्हणाल्या. "वाईट निघाला तं दुसऱ्या डाव नाव काढाचं नाई. काढलं तं हेच मोटेचं चामडं गळ्यात बांधीन अन् बाजारातून फिरवीन."

मोट पुढच्या सालावर गेली आणि नत्थुजी अकोल्याच्या गाडीत बसले.

मोर्णा नदीच्या पलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात, एका अरुंद बोळात चंद्रभानचे दुकान होते. बंद पडलेली घड्याळे, तोंड वाकडे झालेले ग्रामोफोन, कुणा मेलेल्या साहेबाच्या दुर्बिणी आणि कॅमेरे, असा जुना माल तो घेई आणि विके. त्याच्या तोंडाची कीर्ती बडनेऱ्यापर्यंत पोहोचली होती. नत्थुजींनी पायरीवर पाऊल ठेवताच तो मान वर न करता म्हणाला, "घ्याचं हाय का पाह्याचं हाय? पाह्याचं असन तं नदी पाह्य. फुकट हाय."

घ्यायचे आहे म्हटल्यावर त्याने तीन कॅमेरे पुढे सरकवले. पहिला घडीचा होता, जर्मन बनावटीचा, चकचकीत. पुस्तकासारखा मिटे आणि खिशात मावे. दुसरा सागवानी लाकडाचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायचा, काचांवर फोटो घेणारा, पुढे-मागे ओढायला चामड्याचा काळा भाता असलेला. तिसरा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्याला समोर एक भिंग, बाजूला एक खटका आणि वरून डोकावायला बोटभर काच होती.

गार्डाने शिकवलेली तपासणी नत्थुजींनी एकेकाची केली. भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीची जाळी आहे का पाहिले. खटका कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकला. अडखळणारा खटका आवाजावरून कळतो. भात्यात बॅटरीचा उजेड सोडला आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन कुठून उजेडाचा ठिपका बाहेर येतो का, ते घडीघडीने तपासले. चंद्रभान हे सारे पाहत होता आणि बोळातून जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, नवरी पाहायला आलेला सासराही इतके दात मोजत नाही, असे म्हणत होता.

घडीचा कॅमेरा देखणा होता, पण नत्थुजींनी तो आधी बाजूला केला. तसलाच एक रामरावांजवळ होता. त्याच्या मापाचा रोल अमरावतीत मिळत नसे, अकोल्यातही नाही. मुंबईला लिहायचे आणि टपालाची वाट पाहायची. वकिलांचा कॅमेरा त्यामुळे अर्धे वर्ष कपाटात असे. ज्याचे बी गावच्या बाजारात मिळत नाही ते पीक माळी घेत नाही, आणि नुसत्या कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणणे हे नत्थुजींच्या मते नुसत्या वाफ्याला बाग म्हणण्यासारखे होते. रोल कुठला, तो धुवायचा कशात, ठसा केवढा निघणार, या सगळ्यांसकट जे परवडते ते खरे स्वस्त.

उरले दोन. चंद्रभानने डबा पुढे केला.

"तुह्यासाठी हा बरा. काई फिरवाचं नाई, काई मोजाचं नाई. रोल कोन्या बी दवाईवाल्याजोळ भेटते. येड्याच्या हातात देला तरी फोटो येते."

सल्ला चांगला होता. पण नत्थुजींच्या कानात 'तुह्यासाठी' आणि 'येड्याच्या' हे दोनच शब्द शिरले. शिवाय त्यांच्याजवळ खरेच एक कारण होते. डब्यातून निघणारा ठसा तळहाताएवढा. तो मोठा करून घ्यायचा तर गावात एकाच स्टुडिओत सोय होती आणि तो स्टुडिओवाला मंडळाचा सभासद. म्हणजे पुन्हा त्याच लोकांच्या दारात. लाकडी कॅमेऱ्याची काचच मोठी, ती कागदावर ठेवून उन्हात धरली की चित्र तेवढेच मोठे, भिंतीवर शोभण्याजोगे, आणि कुणाचे उपकार नाहीत. काचा अमरावतीत मिळत. कारण आणि राग एकाच बाजूला झुकले की माणसाला आपण शांतपणे विचार करतो आहोत असे वाटते. नत्थुजींनी लाकडी कॅमेरा उचलला.

चंद्रभानने पैसे घेतले, कॅमेरा गोणपाटात बांधून दिला आणि निघताना म्हणाला, "भाता वाळला हाय, पन धड हाय. उनात ठेवू नोको. अन् त्याले काई लावू नोको. जसा हाय तसा राहू दे."

परतीच्या गाडीत नत्थुजींनी त्या वाक्याचा कीस काढला. वाळलेल्या चामड्याला काही लावू नको, असे कोण सांगेल? ज्याला ते तडकायला हवे आहे तो. उन्हाळा तोंडावर, महिन्याभरात भाता तडकणार, आपण तोंड पाडून त्याच बोळात जाणार, आणि तो दुरुस्तीचे दाम काढणार. बडनेरा येईपर्यंत त्यांची खात्री पटली की चंद्रभानने आपल्याला अडाणी धरले आहे, पण चामड्याबद्दल माळ्याला फसवायचे म्हणजे माशाला पाण्याबद्दल फसवणे.

मोट हाकणाऱ्या घरात चामडे कसे राखायचे ते रांगत्या पोरालाही माहीत असते. मोट वाळली की तिला एरंडीचे तेल द्यायचे; हाताने चोळून, शिवणीत जिरवून, सावलीत ठेवायचे. तसे केले तर चामडे वर्षे टिकते, नाही केले तर एका वैशाखात फाटते. त्या आठवड्यात नत्थुजींनी शिवलेल्या जुन्या मोटेला तेल दिले आणि त्याच बुधल्यातून, त्याच बोटांनी, भात्याच्या एकेका घडीत जिरवले. भाता काळाभोर आणि मऊ झाला. त्यांनी तो माणिकबाईंना दाखवला. माणिकबाई म्हणाल्या की आजाऱ्याच्या उशाशी येतो तसा वास येतो आहे, आणि माळ ओवत राहिल्या.

मोटेचे चामडे जाड, दिवसभर पाण्यात बुडणारे. ते तेल पिते आणि पाणी सोसते. भात्याचे चामडे कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, आतून कापडाला सरसाने चिकटवलेले. त्याला प्यायला जागाच नव्हती. चैत्र तापला तसे तेल घडीघडीतून सुटू लागले. वैशाखात एका सकाळी नत्थुजींनी विहिरीसमोर तिकाटणे उभे केले, बैल जुंपलेले, मोट वर येत असलेली, सारे मनासारखे जमले होते, आणि भाता ओढला तर तो उघडेना. घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी जोर लावला. आतले कापड सुटल्याचा बारीक आवाज आला. तो त्यांना ऐकू आला आणि त्यांनी तो ऐकला नाही असे ठरवले.

माठ ओल्या पोत्यात गुंडाळून पाणी गार ठेवले होते, कारण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कोमट पाण्याने काचेवरचा थर सायीसारखा निसटतो. एवढी काळजी घेऊन काच धुतली. बैल काजळी धरलेल्या कंदिलातून दिसावेत तसे उमटले, आणि कोपऱ्यातून एक उजेडाचा पट्टा मोटेच्या तोंडापर्यंत भाजल्यासारखा पसरला होता. तेल भिंगाच्या मागे पोहोचले होते. भाता कोपऱ्यात उसवला होता. त्यांनी भिंग पुसले, फटीवर काळे कापड चिकटवले, दुसरी काच घेतली, तिसरी घेतली. तेलामुळे कापडही धरले नाही. जेवढ्या काचा होत्या तेवढ्या वाया गेल्या.

माणिकबाई एकदा मोटेकडे पाहत आणि मग नवऱ्याच्या गळ्याकडे. हे पाहणे नत्थुजींना कोणत्याही शिवीपेक्षा झोंबले.

ज्येष्ठात पाऊस रेंगाळलेला असताना नत्थुजी गोणपाट घेऊन पुन्हा मोर्णा ओलांडून गेले. चंद्रभानने गाठ सोडली आणि नाक पुढे नेले. मग शेजारच्या घड्याळजीला हाक मारून त्यालाही वास घ्यायला लावला.

"एरंडेल," चंद्रभान म्हणाला. "काहून बे, कॅमेऱ्याले जुलाब देला का? मंग झाला का मोकया?"

घड्याळजी हसता हसता भिंतीला टेकला. नत्थुजींचा हात उठला होता. तो कुठे जाणार होता ते त्यांनाही ठाऊक नव्हते. लाव म्हणायला पाहिजे होते का मी, लाव म्हटले असते तर तू लावले नसते, हे चंद्रभानचे पुढचे वाक्य इतके खरे होते की हात खाली आला.

चंद्रभानने भिंग काढून फडक्याने पुसले, उजेडाकडे धरले. काच शाबूत होती. बाकीचे चुलीत घालण्याच्या लायकीचे आहे, असे त्याने जाहीर केले. भिंगाच्या बदल्यात डबा आणि वर दोन रोल घेऊन जा, एक पै देऊ नको, आणि पुन्हा तोंड दाखवू नको. व्यवहार चोख होता. त्याने नाडले असते तर नत्थुजींना जन्मभर पुरेल असा एक शत्रू मिळाला असता. शिवी आणि न्याय एकाच तोंडातून आल्यावर शत्रुत्व धरायलाही जागा राहत नाही, आणि हे त्यांना लुबाडल्यासारखे वाटले.

"हे पट्टी पाह्य," चंद्रभान डब्याच्या कडेचा पितळी तुकडा दाखवीत म्हणाला. "माणूस दूर असन तं हात लावू नोको. दोन पावलांवर असन तं हे वर ओढ, आत दुसरं भिंग येते."

नत्थुजींनी पाठ फिरवलेली होती. पण या वेळी त्यांनी ऐकले.

पावसाळा गेला. डबा खरेच येड्याच्याही हाती चालणारा होता. वरच्या काचेत डोकावायचे, डबा पोटाशी धरायचा, खटका दाबायचा. नत्थुजींनी विहिरीचे फोटो काढले, बैलांचे काढले, केळीच्या घडाचे काढले. सगळे स्वच्छ आले. सगळे लग्नाच्या पंगतीत बसवलेल्या पाहुण्यांसारखे ताठ आले. त्यांच्यात कुठेच काही घडत नव्हते, हे त्यांना दिसत होते आणि का घडत नाही ते कळत नव्हते. ते बैलांवर चिडले, केळीवर चिडले. मंडळात येऊ पाहणाऱ्यांची चित्रे दिवाळीनंतर, भिंतीवर लावण्याआधी, तपासली जाणार होती.

दसऱ्याच्या दिवशी फुलबाजारात झेंडूचे डोंगर लागतात आणि माळ्याच्या घरात जेवायला कुणी बसत नाही. नत्थुजींनी सकाळी ढिगाऱ्याचे दोन फोटो काढले, पट्टी वर ओढून, जवळून. तेवढ्यात माल संपत आला. दुसरी गाडी भरून आणायला ते मळ्याकडे निघाले. डबा त्यांनी, पट्टी तशीच वर ओढलेली, माणिकबाईंच्या मागे टोपलीवर ठेवला आणि त्याला हात लावू नको असे बजावले. माणिकबाईंनी त्या दिवशी आणखी बऱ्याच जणांचे बजावणे ऐकले होते.

रोल धुतला तो दिवाळीच्या आधी. ढिगाऱ्याच्या दोन चित्रांनंतर आणखी एक चित्र होते, आणि ते नत्थुजींनी काढलेले नव्हते. ठसा उन्हात उतरला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. जमिनीवर बसलेल्या माणसाला बाजार जसा दिसतो तसा तो होता. खाली झेंडूची रास, तिच्यावर वाकलेले एक धड. डोके चौकटीच्या बाहेर गेलेले. कोटाची एक बाही आणि तिच्यातून खाली आलेला एक हात. त्या हाताने एक हार दोन बोटांत, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा उचललेला होता. सकाळचे तिरपे ऊन एकेका पाकळीवर आणि बोटांच्या पेरांवर पडलेले. हार भाव ऐकून खाली टाकला जाणार आहे, हे चित्रावरूनच कळत होते.

"हे कोनं काढलं?" नत्थुजींनी विचारले.

माणिकबाईंनी नाकारले नाही. रामराव वकील आले होते, म्हणाल्या. सगळ्या बाजारात फिरून आले होते आणि हार उचलून, हा काय हार आहे का, असे विचारत होते. गर्दी मागे उभी होती.

"दसऱ्याच्या दिशी भांडाले येळ कोठी असते?" त्या म्हणाल्या. "म्हून हे दाबलं."

यावरून दोघांचे जे भांडण झाले ते शेजारच्या मळ्यात ऐकू गेले. वाया घालवलेल्या रोलबद्दल, न सांगता हात लावण्याबद्दल, वैशाखात वाया गेलेल्या काचांबद्दल, न झालेल्या मोटेबद्दल सगळे निघाले. एका गोष्टीबद्दल मात्र नत्थुजी बोलले नाहीत. आपण इतके महिने जे शोधत होतो ते इथे आहे आणि ते आपले नाही, हे त्यांनी भांडणात येऊ दिले नाही. दिवाळीनंतर मंडळाच्या खोलीकडे निघताना त्यांनी आपले सहा ठसे फडक्यात ठेवले आणि त्यांच्या तळाशी तो सातवा. तो कशासाठी ठेवला, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नाही.

खोलीत रामराव, ड्रॉइंग मास्तर आणि दोघे-तिघे बसले होते. रामरावांनी आधी कॅमेरा मागितला. पत्र्याचा डबा टेबलावर उभा राहिला तेव्हा त्यांनी तो बोटाने थोडा फिरवला आणि बाजूला सरकवला. नियमात 'स्वतःचा' एवढेच होते, 'कसला' ते नव्हते. मग ठसे. विहीर बाजूला झाली, बैल झाले, केळीचा घड झाला. प्रत्येकाला एकेक शब्द मिळाला, आणि सगळे शब्द 'साधारण' याच अर्थाचे होते. सातवा ठसा हातात आला आणि रामराव खिडकीजवळ गेले.

माणसाला स्वतःचा हात वरून पाहायची सवय असते. जमिनीवरून पाहिलेला हात परक्याचा वाटतो. रामरावांनी तो ठसा डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, ऊन कसे पडले आहे ते मास्तरांना समजावून सांगितले, गिऱ्हाइकाचा उर्मटपणा नुसत्या बोटांत कसा पकडला आहे ते सांगितले. आकार लहान आहे, पण स्टुडिओत मोठा करून घेता येईल, खर्च मंडळाचा. मग ते टेबलाशी येऊन बसले आणि त्यांनी दौतीत टाक बुडवला.

"हे लावू आपण. खाली नाव काय घालायचं? नत्थुजी अकर्ते?"

नत्थूचा नत्थुजी झाला होता. होळीपासून जे हवे होते ते सगळे त्या टाकाच्या टोकाशी आले होते, आणि नत्थुजींनी नुसते गप्प राहायचे होते. ते गप्प राहिलेही. रामराव लिहिता लिहिता प्रसन्नपणे पुढे बोलले, "हा डबा म्हणजे खरं तर बायकापोरांचं खेळणं. पण पुरुषाची नजर असली की त्यातूनही असं निघतं. हे बायकांना जमणार नाही."

नत्थुजींच्या अंगात सत्याची फार चाड होती, असे त्यांच्या शत्रूंनी किंवा बायकोनेही कधी म्हटले नसते. त्या क्षणी त्यांना एवढेच दिसले की आपल्या हातात रामरावांना देण्यासारखा याहून मोठा अपमान पुन्हा कधी येणार नाही, आणि तो द्यायचा असेल तर आपले नाव सोडावे लागेल. त्यांनी हिशेब केला आणि नाव सोडले.

"वकीलसाहेब, तो फोटू मी नाई काढला. माह्या बायकोनं काढला, दसऱ्याच्या दिशी, दुकानात बसल्या बसल्या. अन् हार धरून राह्यला तो हात तुमचा हाय."

ड्रॉइंग मास्तरांना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना, आणि तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळले. रामरावांनी ठशाकडे पाहिले, मग आपल्या बाहीकडे. बाही तीच होती. त्यांनी ठसा टेबलावर पालथा ठेवला, त्यावर हात ठेवला आणि थंडपणे नियम सांगितला: सभासदत्व चित्र काढणाऱ्यास मिळते, स्त्रियांसाठी मंडळात तरतूद नाही, आणि उरलेली सहा चित्रे समितीस पसंत नाहीत. नत्थुजींनी त्यांच्या हाताखालून ठसा ओढून घेतला, डबा उचलला, फडक्याला गाठ मारली. पायऱ्या उतरताना मागून मास्तरांचा खोकला पुन्हा सुरू झालेला त्यांनी ऐकला. घरापर्यंतच्या वाटेवर त्यांना तो आवाज पुरला.

माणिकबाई अंगणात शेवंती निवडत होत्या.

"घेतलं का?"

"नाई."

"माहा दाखवला?"

"दाखवला. त्याले लय आवडला. नाव लिवून राह्यला होता माहं."

माणिकबाईंचा हात थांबला. "मंग?"

"मंग मी सांगतलं, तुहा हाय म्हून. अन् हात कोनाचा हाय तेही सांगतलं."

त्यांनी हातातले फूल टोपलीत टाकले. नवऱ्याकडे त्यांनी पाहिले ते कौतुकाने नव्हे. "येडे आहा तुमी," त्या म्हणाल्या. "वरीसभर माहं डोस्कं खाल्लं त्या भिंतीपायी. मोट गेली. अन् भेटून राह्यलं तं लाथाडून आले. माहं नाव सांगून काय भेटलं? माह्या फुलाले भाव चढन का?"

"त्याचं तोंड पाह्याले पाह्यजे होतं तू."

"मीनं पाह्यलं हाय त्याचं तोंड. दसऱ्याले." फुले निवडता निवडता त्यांनी विचारले, "फोटूत काहून नाई आलं ते?"

"तू डबा खाली धरला. वर धराले पाह्यजे होता."

"वर धरला असता तं त्याले दिसला असता."

यावर नत्थुजी चिडले. रोल पैशाने येतो, असे ते म्हणाले. फुले काय फुकट येतात का, असे त्या म्हणाल्या. शेवंतीचा ढीग संपेपर्यंत दोघांचे हेच चालले.

सकाळी बाजाराला निघताना माणिकबाईंनी टोपलीत केळीचे पान अंथरले आणि हात पुढे केला. नत्थुजींनी डबा दिला, पण लगेच सोडला नाही.

"दूर असन तं पट्टीले हात लावू नोको," ते म्हणाले. "दोन पावलांवर असन तं—"

"ठावं हाय मले," माणिकबाई म्हणाल्या, आणि डबा त्यांच्या हातातून ओढून घेतला.